शत्रुघ्नच्या गुडघ्यांवरचं शिंग

शत्रुघ्न परबचे गुडघे त्याच्याआधी बोलायचे. सकाळी अम्गरा या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपसमोर तो गाडीतून उतरला, की पहिल्यांदा उजवा वाजे, मग डावा, आणि मग शत्रुघ्न सगळ्यांना सलाम करी. वीस-बावीस वर्षं हा माणूस कुवेतच्या लोखंडाला लोखंड जोडत होता. बंगल्यांची फाटकं, गोदामांच्या छपरांखालच्या कैच्या, पाण्याच्या टाक्यांखालचे सांगाडे. मधे लढाई झाली तेव्हा तो गावी पळाला, संपल्यावर परत आला आणि आपणच जोडलेल्या फाटकांचे तुकडे पुन्हा जोडायला बसला. या सगळ्याचा शीण कुठंतरी साठणारच. तो गुडघ्यांत साठला.

रमजान संपला की त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपत होता. फोरमन हारूनने सरळ सांगितलं होतं की ईदनंतर शिडी चढून दाखव, तरच पुढची दोन वर्षं. खाली बसून वेल्डिंग करणारे बक्कळ मिळतात. शत्रुघ्नला तेवढीच दोन वर्षं हवी होती. मुलगी रुपाली नर्सिंग शिकत होती. ती पास झाली की गुडघ्यांनी खुशाल संप करावा, त्याची हरकत नव्हती.

खोलीतला सोबती नझीर हा श्रीवर्धनचा. शहरातल्या अल-राई भागातल्या एका शोरूमची गाडी चालवायचा आणि गावभरच्या बातम्या गोळा करून आणायचा. त्यानंच खबर आणली, की एका खासगी दवाखान्यात विशाखा नावाच्या डॉक्टरबाई गुडघेदुखीवर हरणाच्या शिंगाचं औषध तपासून बघतायत आणि त्यांना दुखरे गुडघे हवे आहेत. असले गुडघे शत्रुघ्नकडे तयारच होते.

डॉक्टरबाईंनी त्याला सगळं समजावलं. हरणाचं शिंग दरवर्षी गळतं आणि नव्यानं उगवतं. उगवताना ते हाडासारखं टणक नसतं, कोवळं असतं, आत रक्त खेळतं, वरून मखमलीसारखी लव. दिवसाला बोटाच्या पेराएवढंसुद्धा वाढतं. एवढा मोठा अवयव इतक्या वेगानं पुन्हा उगवणारा दुसरा प्राणी शोधून सापडत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, यातलं काही माणसाच्या झिजलेल्या सांध्यांना उपयोगी पडतंय का ते बघावं. आतापर्यंत ठाम काही सिद्ध झालेलं नाही. निम्म्या बाटल्यांत ते शिंग आहे आणि निम्म्यांत नुसतं पीठ, कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत बाईंनाही कळणार नाही. कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळायच्या.

घरी येऊन त्यानं हे सांगितल्यावर नझीरला पहिली शंका आली ती हलालची. हरीण कापतात का? नाही, म्हणाला शत्रुघ्न, भूल देऊन नुसती शिंगं काढतात. पुढच्या वर्षी परत उगवतात, परत काढतात.

"दरवर्षी?" नझीरने विचारलं. "कुठल्या व्हिसावर आहे रे ते हरीण?"

दोघंही हसले नाहीत.

शत्रुघ्नने कॅप्सूल गिळल्या नाहीत. बाईंचं त्यानं नीट ऐकलं होतं. पण बाई वयानं लहान, पुण्याकडच्या, त्यांना शिंगातलं काय कळणार! त्याच्या आईकडे सांबरशिंगाचा तुकडा असायचा. छातीत कफ झाला, बरगडी दुखली, की आई तो सहाणेवर उगाळून गरम लेप द्यायची. शिंग कुणी खाल्ल्याचं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. गोऱ्या लोकांकडे सहाण नसते, म्हणून बिचाऱ्यांनी ते पूड करून डब्यांत भरलं, असा त्याचा निष्कर्ष.

मग रोज संध्याकाळी तो कॅप्सूल फोडून वाटीत पूड काढी, पाणी आणि थोडी हळद घालून गरम करी. लेप वाळेपर्यंत पाय वर ठेवून तासभर पडून राही. त्याला वाकवत नसल्यामुळे लेप चोळायचं काम नझीरवर आलं.

"दादा, गुडघ्याला शिंग फुटलं तर पँट कशी घालशील?"

"चोळ गप, मेल्या."

आणि गुडघे बोलायचे थांबले. आधी डावा गप्प झाला, मग उजवाही नुसता कुरकुरायला लागला. ईद झाल्यावर तो छाती पुढे काढून दवाखान्यात गेला. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लिहायला घेतलं आणि सहज विचारलं, कॅप्सूल पोटाला सोसल्या का?

"बाई, शिंग कोणी खातं का? लावतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, रागवायचंही त्राण नसल्यासारख्या दिसल्या. एकानं बाटली खोलीतल्या सहा जणांत सारखी वाटली होती, दुसऱ्यानं वडिलांसाठी गावी पाठवून दिली होती, आणि आता हे लेपवाले काका. शत्रुघ्नचं नाव अभ्यासातून काढावं लागणार होतं. नाव गेलंच आहे तर बाटलीत काय होतं तेवढं तरी सांगा, असं त्यानं विनवलं. बाईंनी बाटल्यांची यादी ठेवणाऱ्याला फोन लावला, ऐकलं आणि ठेवला.

"काका, पीठ होतं. मक्याचं."

"मग माझे गुडघे?"

"रोज तासभर पाय वर, वरून शेक, कुणीतरी चोळून देतंय. वीस वर्षांत कधी मिळालं होतं एवढं?"



दुसऱ्या दिवशी हारूनने टाकीच्या सांगाड्याला शिडी लावली. खालून बघताना शत्रुघ्नच्या डोक्यात फक्त मक्याचं पीठ होतं. मधल्या पायरीवर उजवा गुडघा पूर्वीसारखा खणखणीत वाजला. खाली सगळ्यांना ऐकू गेला. शत्रुघ्न थांबला, गज धरून श्वास घेतला, रुपालीची आठवण काढली आणि चढला. वर पोचल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त समोर शेजारच्या यार्डातल्या टाक्या दिसल्या, एकीमागे एक, सगळ्यांना शिड्या.

"खलास, ठरलं. दोन वर्षं," हारून खालून म्हणाला.

संध्याकाळी नझीर कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कॉर्नफ्लोअरचा डबा घेऊन आला. त्यानं शत्रुघ्नचे पाय गुंडाळलेल्या गादीवर ठेवले आणि वाटीत पाणी ओतलं.

"हळद किती घालू?"

"थोडी," डोळे मिटूनच शत्रुघ्न म्हणाला. "दोन वर्सां पुरवूक व्हयी."