सिरनेसचा सरदार

आमच्या पंचायतीचं नाव सिरनेस, आणि ते आलं ओलाउगच्या शेताच्या नावावरून. पहिलं चर्च तिच्याच जमिनीवर होतं, म्हणून शेताचं नाव चर्चला आणि मग पंचायतीला पडलं. ते वादळात पडलं, नवं खाडीपलीकडे बांधलं, नाव मात्र तेच राहिलं. ओलाउग साठीची, एकटी. चौदा मेंढ्या आणि एक होडी. बोलायची कमी, पण तिचा टोमणा माणसाला घरी पोचल्यावर कळायचा.

पंचायतीचा अध्यक्ष लायडुल्फ याला या नावाचा भारी अभिमान. सिर नावाचा शूर सरदार इथे पुरलाय, असं तो दर सतरा मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या, भाषणात सांगायचा. सरदार दरवर्षी वीतभर उंच व्हायचा.

एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात गावांच्या नावांचा अभ्यास करणारा एक तरुण ओस्लोहून आला. लायडुल्फने त्याला कॉफी पाजली, सरदाराची गोष्ट ऐकवली आणि शेत दाखवायला ओलाउगकडे नेलं. तिने दोघांना होडीत बसवलं, खाडीच्या मध्यावर नेलं आणि वल्ही आत घेतली.

"आता वळून बघ," ती त्या तरुणाला म्हणाली. "काय दिसतं?"

तिच्या शेताची टेकडी पाण्यात उतरली होती. मागे फुगलेलं पोट, पुढे चपटं नाक.

"डुक्कर," तो म्हणाला. मग त्यानेच सांगितलं, जुन्या भाषेत सिर म्हणजे डुकरीण, आणि नेस म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक.

"माझी आजी हेच म्हणायची," ओलाउग म्हणाली. "लायडुल्फ, तुझ्या सरदाराला पिल्लं किती रे?"

लायडुल्फ पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही. पण पुढच्या सतरा मेला त्याने डुकरिणीवरच भाषण ठोकलं: हट्टी, धष्टपुष्ट, जागची न हलणारी. इतक्या टाळ्या सरदाराला कधी पडल्या नव्हत्या.

चौसष्ट साली आमची पंचायत शेजारच्या मोठ्या पंचायतीत विलीन झाली. नाव त्यांचं ठेवलं. लायडुल्फचं पदही गेलं. दुसऱ्या दिवशी तो ओलाउगच्या दारात येऊन उभा राहिला.

"नाव गेलं गं आपलं."

"मी सिरनेसलाच राहते की अजून," ती म्हणाली. "ये आत. कोबी-मटण गार होतंय."

तो आत गेला, दोनदा वाढून घेतलं. नंतर तो दर वसंतात मेंढ्यांची लोकर कातरायला तिच्याकडे जायचा. फार वाईट कातरायचा. मेंढ्या आठवडाभर लाजल्यासारख्या फिरायच्या, पण ओलाउगने त्याला कधी नको म्हटलं नाही.