पिक अप म्हणजे

वसमतहून हिंगोलीला जाणाऱ्या एसटीत त्या मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर हळदीची थैली होती आणि हातातला मोबाइल त्या पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होत्या. जावयाचा मेसेज त्यांनी मला वाचायला दिला.

"स्टँडवरून तुम्हाला पिक अप करतो," मी वाचलं.

"पिकअप गाडी काहून आणून राहिले? सामान तर एवढंच हाय."

गाडी नव्हे, घ्यायला येतो म्हणतायत, मी सांगितलं.

"आन् लेक तिच्या भावाला म्हणायची, आईला फोन पिक अप कर म्हण. ते?"

"ते उचलणं."

"ते समजायचं मला," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं मर्जीनं लगन केलं म्हणून दोन वर्सं फोन उचलला न्हाई म्या." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लेकरू उचलून घेत्यात, त्याला काय म्हणत्यात?"

"पिक अपच."

"नातीला आजून पाहिलं न्हाई. येईल का माझ्याजवळ?"

हिंगोलीला जावई मुलीला कडेवर घेऊन उभे होते. त्यांनी थैलीसाठी हात पुढं केला. मावशींनी थैली जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात नातीकडं केले. नातीनं बापाच्या खांद्यात तोंड लपवलं. मावशींनी हात मागं घेतले नाहीत.