जावयाच्या दवाखान्यात केसपेपर

आमच्याकडं जावयाला प्रश्न विचारत नाहीत. जावई आला की टॉवेल-टोपी करायची, गोडधोड करायचं आणि तो बोलेल त्याला मान डोलवायची. माझ्या नणंदेचा जावई जालन्यात हाडांचा डॉक्टर. त्यामुळं माझ्या लेकीचा पाय दुखायला लागल्यावर कोणत्या डॉक्टरकडं जायचं, हा प्रश्न आमच्या घरात उठलाच नाही.

लेक तेरा वर्षांची, शाळेच्या खो-खोच्या टीममधली. खुंटाला एका हातानं धरून अशी गर्रकन वळायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. आमच्या हसनाबादच्या शाळेचं मैदान म्हणजे मुरूम टाकून रोलर फिरवलेली जागा, रस्त्यासारखी कडक. गणपतीनंतर तिची डावी नडगी दुखायला लागली. पोरींनी तालुका जिंकला होता, जिल्ह्याच्या मॅचेस तोंडावर आल्या होत्या आणि ही पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावायला लागली.

रविवारी आम्ही सगळे जालन्याला गेलो. मी, नवरा, नणंद आणि लेक, सोबत मोसंबीची पिशवी आणि घरची तुरीची डाळ. खाली दवाखाना, वर घर. पाहुणे म्हटल्यावर आम्ही सरळ वर. पोहे झाले, चहा आला, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं ते झालं, आणि उठायच्या बेतात असताना नणंद म्हणाली, जावईबापू, पोरीचा पाय बघा जरा. बापूंनी एका हातात कप ठेवून दुसऱ्या हातानं सलवारीवरूनच नडगी दाबली. लई दुखतं का, विचारलं. लेक म्हणाली, थोडं. वाढत्या वयात होतं असं, कॅल्शियम द्या, पळणं जरा कमी करा, असं त्यांनी सांगितलं. गाडीत बसायच्या आधीच नणंदेनं 'कमी'चं 'बंद' करून टाकलं. पोरगी मोठी झाली, आता बास झालं ते उड्या मारणं, म्हणाली. नवऱ्यानं मान हलवली.

मला दहा गोष्टी विचारायच्या होत्या. पण ज्याच्या घरचे पोहे खाल्ले, ज्यानं फी तर घेतली नाहीच, वर पोरीच्या हातात चॉकलेटचा डबा दिला, त्याला 'नीट बघा' कसं म्हणायचं?

कॅल्शियमची बाटली संपली, दुखणं आहे तिथंच. खेळाचे सर म्हणाले, संभाजीनगरला दुसऱ्या कोणाला दाखवा. ही गोष्ट नणंदेच्या कानावर गेली आणि तिचा फोन आला, "आमच्या जावयाला काय येत न्हाई का मंग?" नवरा म्हणाला, जाऊ दे, कशाला उगंच नातं बिघडवायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पाय पोरीचा दुखून राह्यला का सोयरिकीचा?

रागात दोन-तीन दिवस गेले, आणि मग एक गोष्ट मनाला टोचायला लागली. शेजारच्या काकांची मांडी मोडली होती, ती याच जावयानं बसवली. काका आज शेतात जातात. म्हणजे माणसाच्या हातात कसब आहे, काकांना ते मिळालंही. आमच्या वाट्याला नुसता पाहुणचार आला होता.

कोणाला न सांगता मी लेकीला घेऊन जालन्याच्या गाडीत बसले. या वेळी वर गेले नाही. खिडकीवर फी भरली, केसपेपर काढला आणि प्लॅस्टर घातलेल्या माणसांत बाकावर बसले. नंबर आला तसं आत गेलो. बापू खुर्चीतून अर्धे उठले. "अहो मामी, इथं कशाला बसलात? वर जायचं न्हाई का?"

"जावईबापूंना भेटून झालं," मी म्हणाले. "आज डॉक्टरांकडं आले. पोरीचा पाय बघा, डॉक्टर."

एवढ्या वर्षांत मी त्यांना डॉक्टर म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता बिनसलं. पण त्यांनी लेकीला टेबलावर झोपवलं, सलवारीचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वर करायला लावले आणि नडगीच्या हाडावरून अंगठा हळूहळू खाली आणला. एका जागी लेक उसळून उठून बसली. त्यांनी तिला त्या पायावर उडी मारायला सांगितलं, तिला ती जमली नाही. मग विचारत गेले: कधीपासून, पळताना का पळून झाल्यावर, रात्री दुखतं का? ती म्हणाली, रात्री जाग येते. मी तिच्या शेजारी झोपते, मला पत्ता नव्हता.

एक्स-रेचा फोटो काढला. त्यात काही दिसलं नाही, तरी ते म्हणाले, हाडाला बारीक चीर असणार, सुरुवातीला ती फोटोत दिसत नाही. असंच जिल्ह्याला पळाली असती तर हाड मोडलं असतं. मग त्यांनी स्वतःच संभाजीनगरच्या एका डॉक्टरांना फोन लावला. मला म्हणाले, मामी, मी मोडलेलं जोडतो, हा खेळणाऱ्या पोरांचेच पाय बघतो, त्याच्याकडं जा, सासूबाईंना मी सांगतो.

लेकीनं विचारलं, जिल्ह्याला? ते म्हणाले, यंदा न्हाई. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुढच्या वर्षी खेळशील, पण आता थांबलीस तरच, असं म्हणून ते बराच वेळ तिच्याजवळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या रविवारी मला 'थोडं' का म्हणालीस गं?"

ओढणीनं नाक पुसत ती म्हणाली, "त्या दिवशी सगळे घरचेच होते ना."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी तिची सलवार खाली ओढत राहिले.