दाजींचे चंबू

अख्ख्या हैदराबादेत माझ्या दाजींइतका भांडी धुण्याचा शौक असलेला पुरुष शोधून सापडायचा नाही. घरातली नव्हे हं. ताटाला त्यांचा हात कधी लागला नाही. ते धुवायचे प्रयोगशाळेतले काचेचे चंबू. तिथल्या कुणावर भरवसा नाही म्हणून दर शनिवारी ते पिशवीत भरून मलकपेठला घरी आणायचे आणि साबण न लावता एकेक चंबू सात वेळा विसळायचे. "यापेक्षा आईचं सोवळं बरं होतं," ताई म्हणायची.

हे सगळं कशापायी, तर पॉलिफॉस्फेटपायी. फॉस्फेटचे मणी एकाला एक जोडून झालेली लांब माळ. ती जीवाणूंपासून तुमच्या-आमच्यापर्यंत प्रत्येक पेशीत असते, प्रथिनांना चिकटते आणि त्यांचं काम बदलते. कुठे रक्त गोठायला हातभार लावते, कुठे प्रथिनांची घडी बिघडू देत नाही. एकच माळ इतकी कामं कशी करते, असं मी माझ्या दिराच्या लग्नात विचारलं आणि पस्तावले. दाजींनी थेट नवरदेवाकडेच बोट केलं. "बघ, हार पडला की हा पळत नाही, सांगाल तिथं वाकतो. तोच हार पुढाऱ्याला घाल, तो बोलायला लागतो. भिंतीवरच्या फोटोला घाल..."

"दाजी, नक्को," मी म्हटलं. मागे सासूबाई उभ्या होत्या.

यीस्ट उपाशी राहिलं की ही माळ एका ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि त्याला तगवते, असं दाजींचं तीस वर्षांचं म्हणणं. पटत कुणालाच नव्हतं. निवृत्तीला सहा महिने उरले आणि एका सोमवारी निकाल आला: माळ चिकटलेली, स्वच्छ दिसतेय. दाजींनी कोठीच्या बाजारातून पेढे आणून गल्लीभर वाटले. पुढच्या आठवड्यात सगळ्या शास्त्रज्ञांपुढे ते मांडायचं ठरलं.

शुक्रवारी घोळ उघडा पडला. ज्या यीस्टला ही माळ बनवताच येत नाही, असं मुद्दाम तयार केलेलं, त्यातही तोच निकाल. म्हणजे फॉस्फेट बाहेरून आलं होतं. कुठून, ते काही केल्या कळेना.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. घोळाचं ताईला अजून ठाऊक नव्हतं. ताई वाढता वाढता कौतुकानं म्हणाली, "निकालाच्या आधी त्या शनिवारी तुम्ही दमून झोपला होता ना, तेव्हा मीच सगळे चंबू पावडर लावून लख्ख घासले. म्हणून तर यश आलं."

दाजींचा घास हातातच राहिला. मी मोरीतला पावडरीचा डबा उचलून वाचला. फॉस्फेट त्यात होतंच. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"हौ," दाजी म्हणाले, "लख्ख झाले होते." आणि त्यांनी वरण मागितलं.

सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "निकाल खोटा आहे. चंबू नीट धुतले गेले नव्हते. चूक माझी." सात वेळा विसळणारा माणूस हे सांगतोय म्हटल्यावर लोक पोट धरून हसले. नंतर त्यांनी तोच प्रयोग तीनदा केला. चंबू स्वच्छ होते, पण माळ दिसली नाही. हार घालून घेऊन दाजी निवृत्त झाले.

आता ते चंबू खिडकीत मनीप्लांट लावून ठेवलेत. आल्यागेल्याला ताई सांगते, "यांच्या मोठ्या प्रयोगाला माझाही हात लागलाय." दाजी मान डोलावतात. परवा मला राहवेना. ताई देवळात गेल्यावर मी विचारलं, "तिला एकदा सांगून का नाही टाकत?"

"तीस वर्षांत ती माझ्या कामात आली ती तेवढी एकदाच," दाजी म्हणाले.

मग त्यांनी मनीप्लांट बाजूला काढला आणि चंबू विसळायला घेतला. मी मोजत होते. सात वेळा.