झोपेची की बिनझोपेची

शहापूरच्या मेडिकलवाल्याने शिंकांची गोळी देताना पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा मी क्षणभरही विचार न करता म्हणाले, "झोपेची." तो जरा चमकला. लोक बिनझोपेची मागतात, म्हणाला, कामावर डुलक्या नकोत म्हणून. मला डुलक्याच हव्या होत्या, पण हे त्याला कशाला सांगू?

शिंका मी माहेराहून, मुरबाडकडून, आंदण आणल्या. लहानपणी भात झोडताना मी इतकी शिंकायची की आई मला खळ्यावरून हाकलून द्यायची. लग्न होऊन खर्डीकडे आले तर इथेही तेच भात, तेच गवत, आणि वर राब. फाल्गुन लागला की आमच्याकडे राबाची तयारी सुरू होते. पावसाळ्यात भाताचं रोप ज्या तुकड्यावर टाकायचं, तिथे आधी शेण पसरायचं, त्यावर तोडलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर मातीचा पातळ थर, आणि मग वारा बघून पेटवून द्यायचं. धुराचं एक वेळ सोसतं. त्याआधी पाटीपाटीने जो पाला वाहायचा, त्याची धूळ माझ्या नाकाडोळ्यांचं वाटोळं करते. महिना-दीड महिना डोळे लाल, नाकाला पदर आणि घशात खाज. गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात पाल्याची अ‍ॅलर्जी म्हणजे कोळ्याच्या घरात मासळीचा वास न सोसण्यातला प्रकार.

मेडिकलवाल्याने तेव्हा समजावलं होतं की गोळ्या तीन तऱ्हेच्या. एक जुनी, बारीक, पिवळी. स्वस्त, लगेच लागू पडते, पण माणूस पेंगतो. दुसरी सेट्रिझिन, ती कुणाला झोप आणते, कुणाला नाही. तिसरी फेक्सोफेनाडिन, तिने सहसा झोप येत नाही, पण महाग. मी पिवळी घेतली. पाकीट अख्खं कोण घेतं? "चार द्या" म्हटलं की तो कात्रीने कापून चार देतो. नाव एका तुकड्यावर जातं, तारीख दुसऱ्यावर. म्हणून आमच्या गावात गोळ्यांना नावं नाहीत, रंग आहेत. पिवळी सर्दीची, पांढरी मोठी तापाची, गुलाबी अंगदुखीची. बायका विरजण मागावं तशी गोळी मागायला येतात आणि मीही देते. मी अंगणवाडीत शिकवते. आयांना बसवून सांगते की विचारल्याशिवाय कुणाचं औषध कुणाला देऊ नका. मग घरी येऊन डब्यातून पिवळी काढून शेजारणीच्या हातावर ठेवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

खरं सांगायचं तर शिंकांपेक्षा मला त्या झोपेचाच लोभ होता. पहाटे उठून नवऱ्याचा डबा, तो कल्याणला कामाला जातो. मग पाणी, गुरं, स्वयंपाक. मग अंगणवाडी. दुपारी घरी आले की मोबाईलवर माहिती भरायची, रेंज मिळेल तिथे उभं राहून. संध्याकाळी पुन्हा चूल. आणि आमच्याकडे अंगावर दुखणं असल्याशिवाय सुनेने दुपारी आडवं व्हायची रीत नाही. सासूबाई होत्या तोवर तर नाहीच, आणि त्या गेल्यावरही ती रीत घरातून हलली नाही. पण "गोळी घेतलीय" म्हटलं की कुणी काही बोलत नसे. दोन तास माझे. आधी शिंका आल्या की गोळी घ्यायची, मग एक शिंक आली तरी घ्यायची. पुढेपुढे मी शिंकेचीही वाट बघेनाशी झाले.

घरात आता सासरे आणि आम्ही दोघं. मुलगी नाशिकला शिकते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. लग्नाला बावीस वर्षं होईतो मामा माझ्याशी सरळ कधी बोलले नव्हते. सुनेशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही त्यांची मर्यादा. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यामार्फत बोलत. त्या गेल्यावर ते ओटीवरच्या खांबाशी बोलू लागले. "चहा झाला असंल तर बरं व्हईल," हे खांबाला. "आज भाजीत मीठ नाय," हेही खांबाला. मी आतून ऐकायचं आणि करायचं. सुरुवातीला हसू यायचं, नंतर मीही त्या खांबाला घरातलं माणूस धरून चालले.

दोन वर्षांपूर्वीच्या राबाला मामांनी हट्ट धरला की आग मीच लावणार. गुडघे धरतात, तरी काठी टेकत गेले. वाऱ्याचा अंदाज त्यांच्याइतका गावात कुणाला नाही. दिवसभर पाल्यात उभे राहिले आणि संध्याकाळी आले ते शिंकतच. आयुष्यात कधी न शिंकलेला माणूस एकामागून एक शिंकतोय, डोळ्यांतून पाणी गळतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाला म्हणाले, "घरात सर्दीची गोळी हाय का कुणाकडं?"

मी पिवळी दिली. तासाभरात शिंका थांबल्या आणि मामा ओटीवर गाढ झोपले. दुपारी मी घरी आले तर घर कसं शांत. ना चहाची हाक, ना खोकला, ना काठीचा आवाज. मी स्वतःही एक पिवळी घेतली आणि आत पडले. उठले तेव्हा उन्हं कलली होती. इतकी निवांत दुपार मला त्या घरात कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी गोळी मागितली नव्हती. मीच पाण्याच्या तांब्याबरोबर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तशीच. शिंका पहिल्याच दिवशी ओसरल्या होत्या. हे मी लिहून टाकते, कारण नंतर कुणी मला विचारलं नाही आणि मीही एका माणसाशिवाय कुणाला आपणहून सांगितलं नाही. म्हातारं माणूस निजलेलं बरं, असं मला वाटत होतं. माझ्यासाठी बरं.

मामा चहा अर्धा टाकायला लागले. पाणी तर घेईनातच. मागल्या दाराने परसात जायचे आणि बराच वेळ येत नसत. पुन्हा जायचे. मी बघत होते. पण सून सासऱ्याला असलं काय विचारणार? तोंड फिरवून कामाला लागायची. वयच झालंय, म्हणायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खांबाला सांगितलं की बैलांना पाणी दाखवा. आमचे बैल विकून कितीतरी वर्षं झाली. तेव्हा मी हातातली भांडी ठेवून बाहेर डोकावले, पण अंगणवाडीत मुलांची वजनं घ्यायचा दिवस होता. मी गेले.

परत आले तर मामा ओटीवर नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात उंबरा धरून बसले होते. घामाने निथळत होते. ज्या दाराच्या आत त्यांनी मी असताना बावीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तिथे. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "पोरी, मला होत नाय गो. कालपासून येक थेंब नाय."

त्यांना काय झालंय ते कळायला मला वेळ लागला नाही. पण ते माझ्याशी बोलले, माझ्याकडे बघून बोलले, हे कळायला लागला. त्यांच्या तोंडावर जी लाज होती ती मी अजून विसरलेले नाही. वेदनेपेक्षा ती लाज मोठी होती.

रिक्षा बोलावली आणि शहापूरला नेलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या पोटात लागत होता. डॉक्टरांनी आधी नळी घालून मोकळं केलं. मामा भिंतीकडे तोंड करून पडले, आणि त्यांच्या सुटलेल्या श्वासाचा आवाज मला पडद्याबाहेर ऐकू आला. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "कुठली गोळी चालू होती?" मी पिशवीतून कापलेला तुकडा काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"नाव कुठंय हिचं?"

"पिवळी आहे," मी म्हणाले, आणि माझी मलाच शरम वाटली.

डॉक्टर चिडले नाहीत. दमलेल्या आवाजात बोलले, माझ्यासारख्या बऱ्याच आल्या असाव्यात. म्हणाले, म्हाताऱ्या पुरुषांची लघवीच्या वाटेवरची ग्रंथी वाढलेली असते, त्यांना ही जुन्या तऱ्हेची गोळी चालत नाही. लघवी अडते, वर माणूस भ्रमतो. सर्दीच्या तयार पाकिटांतही बहुतेक वेळा हीच मिसळलेली असते, म्हणून मागचं बारीक वाचल्याशिवाय घ्यायचं नाही. शिंका आल्याच तर बिनझोपेची, तीही डॉक्टरांना विचारून. "पुन्हा ही दिलीत आणि पुन्हा अडलं, तर नळी कायमची लागेल नाहीतर ऑपरेशन. या वयात मला दोन्ही नको."

आतून मामा बोलले. "मीच मागतली. तिचा काय दोष नाय."

मी डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. मामांनी एक मागितली होती. बाकीच्या माझ्या होत्या.

दोन दिवसांनी नळी निघाली, लघवी सुटली, आणि आम्ही घरी निघालो. नवरा पुढे रिक्षावाल्याशेजारी, मागे मामा आणि मी, मधे पिशवी. तानसाचा फाटा गेल्यावर माझ्याने राहवेना. हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुमी येकच मागितली होती. बाकीच्या मी दिल्या. तुमी निजून ऱ्हावं म्हणून. मला पण जरा पडायला मिळावं म्हणून." ते बाहेर बघत राहिले. घर येईपर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावरही नाही, खांबालासुद्धा नाही. मला अन्न गोड लागेना. बावीस वर्षांनी माणूस पहिल्यांदा बोलला आणि माझ्यामुळे पुन्हा मुका झाला, असं मी धरून बसले.

पुढच्या आठवड्यात शहापूरला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारून दोघांसाठी बिनझोपेची घेतली. मेडिकलवाल्याने सवयीने कात्री उचलली. म्हटलं, कापू नका, अख्खं द्या. त्याने एक सर्दीचं पाकीटही पुढे केलं, हे चांगलं चालतं म्हणाला. मी चष्मा लावून मागचं वाचलं. तिसऱ्या ओळीत पिवळीचं खरं नाव होतं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं तेच. पाकीट परत सरकवलं. मागे रांगेतल्या बाईने सुस्कारा टाकला, तिला घाई होती.

गावात अजून कुणाकुणाचे राब जळत होते. नवी गोळी घेतली, शिंका थांबल्या, पण झोप काही येईना आणि थकवा जसाच्या तसा. आता "गोळी घेतलीय" म्हणायचं निमित्तही गेलं. दुपारी घरी आले, ताटं घासली आणि मोबाईल घेऊन रेंज शोधायला बाहेर निघाले. तर ओटीवरून मामांचा आवाज आला. खांबाकडे नाही, माझ्याकडे बघून.

"ते मागून कर. पड जरा."

मी उभीच राहिले. म्हणाले, "मामा, गोळी नाय घेतली मी. मला बरं हाय."

"मंग? पडाया गोळी कशाला लागते?"

एवढं बोलून ते उठले आणि आपली बाज ओढत ओढत आणून माझ्या खोलीच्या दाराला आडवी लावून तिच्यावर बसले. मी आत जाऊन चटईवर पडले. डोळे मिटले आणि बाहेर बाजेची करकर ऐकत राहिले. थोड्या वेळाने शेजारीण आली, काही मागायला आली असावी.

"सून कुठंय?"

"निजलेय."

"आता? या टायमाला? बरं नाय काय तिला?"

"बरी हाय," मामा म्हणाले. "दमलेय."