दाढीमास्तरांचा गाल

आमच्या कंपनीत दाढी वाढवून येण्याचा पगार एकाच माणसाला मिळायचा. बाकीच्या पुरुषांचे चेहरे गुळगुळीत आहेत ना, हे साहेब गेटवर बघत, कारण आम्ही ठाण्यात विजेवर चालणारी दाढीची यंत्रं बनवत होतो. दाढीमास्तर मात्र कोपरीहून दोन दिवसांचे खुंट घेऊन चालत यायचे आणि वॉचमनला हनुवटी दाखवून आत शिरायचे. नवं यंत्र आधी त्यांच्या गालावरून फिरायचं, मग बाजारात जायचं.

त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं, ते मस्टरवरच राहिलं. कंपनीने रेडिओ बनवून नाव कमावलं तेव्हा मास्तर सोल्डरिंगला होते. पुढे दाढीची यंत्रं निघाली, तपासायला राठ दाढीचा माणूस हवा झाला, आणि साऱ्या खात्यांतून मास्तरांची निवड झाली. "बापूस जल्मभर मिठागरात राबला," ते सांगत. "जमीनजुमला काय ठेवला नाय. ही तारंसारखी दाढी ठेवली. तिच्यावर चार पोरं वाढवली मी."

मी डोंबिवलीहून यायची. डिप्लोमा नुकताच झालेला, नोकरी कच्ची, खातं तपासणीचं. मास्तरांनी दाढी करायची आणि मी रजिस्टर भरायचं. जेवणाआधी डावा गाल आमच्या यंत्राने, जेवणानंतर उजवा गाल परदेशी यंत्राने. मधल्या सुट्टीत ते अर्ध्या दाढीने कँटीनमध्ये बसून निवांत सुकट-भाकरी खायचे. मुलीच्या साखरपुड्यातही ते असेच उभे राहिले, कारण त्या खेपेला एकाच गालाची चाचणी चार दिवस चालायची होती. व्याही बिचकले आणि मास्तरीणबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. ही हकिगत सांगताना त्यांना स्वतःचंच हसू आवरत नसे.

दाढी झाली की मास्तर गालावरून पोस्टकार्डाची कड फिरवत आणि खरखर ऐकत. मग लिंबाची फोड चोळत. झोंबलं, म्हणजे यंत्राची जाळी कातडी सोलते आहे, यंत्र नापास. "कान फसंल, बाय. लिंबू नाय फसत." मी एकदा म्हटलं, "मास्तर, गिऱ्हाईक कुठे लिंबू चोळतं? उगाच कशाला हाल करून घेता?"

"त्याला घाम तर येतो ना," ते म्हणाले.

पुढे टीव्ही काढायच्या नादात कंपनीने हात पोळून घेतले. मग स्वस्तातल्या जाळीचं नवं यंत्र दिवाळीला बाजारात आणायचं ठरलं. आम्ही ते तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा मास्तरांचा गाल लालबुंद झाला. "नाय," एवढंच ते म्हणाले, आणि मी तसं लिहिलं. दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे यंत्र अडलं तर कच्च्या नोकरीची माणसं आधी जातील, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं. घरी वडील निवृत्त झाले होते, बहीण शिकत होती. मी ते पान फाडलं आणि नव्या पानावर 'पास' लिहिलं. मास्तरांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

दिवाळी सरली आणि यंत्रं खोकी भरभरून परत यायला लागली. कुणाचा गाल सोलला होता, कुणाला पुरळ उठलं होतं. मुख्य कचेरीतून दोघं चौकशीला आले. टेबलावर रजिस्टर उघडं पडलेलं, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी.

"हे पास कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पान पाहिलं. माझं अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गाल माझा व्हता. तवा नाय कळलं."

मी मान खाली घालून उभी राहिले. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, आणि मी ते उघडलं नाही. मास्तरांना महिन्याभरात, मुदतीच्या आधी घरी बसवलं. काही वर्षांनी कंपनीही बंद पडली. तिचं नाव कुणीतरी विकत घेतलं, ते आता भलत्याच मिक्सरवर दिसतं.

मास्तर घरी बसल्यावर पंधरा दिवसांनी मी कोपरीला गेले. माफी मागता मागता रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मास्तरीणबाईंना चहा टाकायला सांगितलं.

"तुम्ही खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुझी नोकरी आता लागली. माझी सरत आलेली," ते म्हणाले. मग बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. "पुढल्या येळेला नाय म्हण. पयल्यांदाच जड जातं, बाय. मंग सोपं व्हतं."

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढे मी कल्याणला आणि शीळफाट्याकडे दोन-तीन कारखान्यांत तपासणीचंच काम केलं. साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणायची वेळ तीनदा आली. एकदा त्यापायी नोकरी गेली, एकदा बढती. तिसऱ्या खेपेलाही ते पहिल्याइतकंच जड गेलं. सोपं कधीच झालं नाही, आणि मास्तरांना ते तेव्हाही ठाऊक असणार. अख्ख्या नोकरीत ज्यांचा गाल कधी खोटं बोलला नाही, ते स्वतः दोनदा खोटं बोलले, आणि दोन्हीदा माझ्यासाठी.