एका नावाचा खर्च

इतवारीतल्या बाबूलाल शेठच्या कापडाच्या पेढीवर सुशील धकाते कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे सगळंच करतो. प्रिंटर अडला, बिल चुकलं, शेठच्या नातीचा मोबाइल गरम झाला, की हाक सुशीललाच. बी.कॉम. झाल्यावर जवळच्या महाल भागातल्या एका क्लासमध्ये सहा महिने काढले, तेवढ्या भांडवलावर गडी पेढीचा आयटीवाला होऊन बसला. या नोकरीला त्याला चिकटवलं ते मनोहररावांनी. ते गोदामाचे कारकून, सुशीलच्या वडिलांच्या ओळखीचे. आठवडाभर महालात खोली घेऊन राहायचे आणि रविवारी खाप्याला, आपल्या गावी जायचे.

पन्नाशी उलटल्यावर मनोहरराव कॉम्प्युटर शिकले, तेही सुशीलकडूनच. आलेल्या गठ्ठ्यांची नोंद एका बोटानं करत. स्वतःच्या नावानं आत शिरलं की पडद्यावर त्यांचं नाव झळके, ते दर वेळी थांबून वाचत आणि मगच कामाला लागत. सुशील त्यांची थट्टा करायचा, पण त्यालाही ते बघायला आवडायचं.

मग पेढीचा माल वाढला, नोंदी वाढल्या आणि सर्व्हरवरच्या, म्हणजे पेढीच्या मुख्य कॉम्प्युटरवरच्या, फुकटातल्या सॉफ्टवेअरची साठवणीची मर्यादा संपली. बिलं सेव्ह होईनात. विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डीलरनं कोटेशन पाठवलं, त्यात दोन हिशेब होते. एक माणसांवर: सर्व्हरचे वेगळे आणि वापरणाऱ्या प्रत्येकाचे वेगळे पैसे. दुसरा कोरवर, म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये काम ओढणारे जितके कोर, तितके पैसे. दोन्हींपैकी एकच घ्यायचा होता. सुशीलला ते उमगलं नाही. डीलरला एक फोन केला असता तर भागलं असतं, पण आयटीवाल्यानंच विचारायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. त्यानं दोन्हींची बेरीज करून शेठसमोर ठेवली.

शेठचा चेहरा पडला. काय कमी करता येईल, त्यांनी विचारलं. कोर काही कापता येत नाहीत, सुशील म्हणाला, माणसं थोडी कमी झाली तर बरं पडेल.

“मनोहरकाका दिवसातून दोनदाच बसते कॉम्प्युटरवर. त्यायचं नाव कमी करून टाकू.”

त्याला म्हणायचं होतं, कॉम्प्युटरमधून नाव कमी करू, त्यांच्या नोंदी मी करत जाईन. पण पेढीवर नाव कमी करणं याचा अर्थ एकच होतो, नोकरीवरून काढणं. शेठनं तोच घेतला. महिनाअखेर मनोहररावांचा हिशेब झाला. शेठनं त्यांना सांगितलं, तुमच्या एका नावापायी सॉफ्टवेअरच्या परदेशी कंपनीला एवढे पैसे मोजावे लागतात, पेढीला झेपत नाही. सुशील तिथंच उभा होता. तोंड उघडायचं त्याच्या मनात आलं होतं. उघडलं नाही.

डीलरनं आपणच कोरचा हिशेब धरला, बिल आलं ते फक्त त्याचं. माणसांचं मागून येईल म्हणून सुशील वाट बघत राहिला. ते काही आलं नाही. मधे दिवाळी गेली, लग्नसराई गेली. मग बिलिंगला ऋतुजा नावाची नवी मुलगी लागली, म्हणून तिचे पैसे विचारायला त्यानं एकदाचा डीलरला फोन केला. डीलर हसला. तुम्ही कोर घेतले आहेत, आता दहा माणसं बसवा नाही तर शंभर, एका पैशाचाही फरक पडत नाही, म्हणाला.

सुशील कोष्ट्याचा पोर. त्याच्या लहानपणी घरात हातमाग होता. महाजन सूत द्यायचा ते मागांच्या संख्येवर. विणायला बाप बसतो की काका, सुताच्या कांड्या आई भरते की आजी, याची त्यानं कधी चौकशी केली नाही. माग मोजायचे, हात मोजायचे नाहीत, हे सुशीलच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि नेमकं तेच त्याला इंग्रजीत लिहिलेलं कळू नये. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारचा डबा तसाच घरी परत गेला.

शेठला त्यानं सगळं सांगितलं, काकांना परत बोलवा म्हणून विनवलं. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं ते झालं. ते गेले, तरी आपलं काही अडलं का सुशील?”

खरंच अडलं नव्हतं. त्यांच्या नोंदी सुशीलच करत होता. 

बायको, दिपाली, म्हणाली, “आता सांगून त्यायचं काय भलं होनार हाय? तुमचंच मन हलकं होईन.” तिचं बरोबर होतं. तरी रविवारी तो खाप्याला गेला.

मनोहरराव ओसरीवर बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली. शेजारी एक पाहुणे होते. सुशीलला बघून मनोहरराव हरखले आणि पाहुण्यांना सांगू लागले, हाच तो आमच्या पेढीचा सुशील, याला विचारा. माझ्या एका नावाचे परदेशातली कंपनी किती पैसे घेते ते. शेठला परवडलं नाही, नाहीतर मला कशाला सोडतो? बोलताना त्यांची मान ताठ झाली होती. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई दारातून कौतुकानं ऐकत होत्या.

पाहुणे गेले. इथंच गप्प बसायला हवं होतं, पण सुशीलला ते ओझं एक दिवसही पुढं न्यायचं नव्हतं.

“काका, तुमच्या नावाचे पैसे लागतच नव्हते. मलेच समजलं नव्हतं. चूक माही हाय.”

 मनोहरराव रागावतील, शिव्या देतील, अशी सुशीलची तयारी होती. ते रागावले नाहीत.

“एक पैसाबी नाही?”

“नाही.”

“मंग मले काढलं काहून गा?”

‘ते गेले, तरी आपलं काही अडलं का,’ हे शेठचं उत्तर सुशीलला पाठ होतं, पण ते काकांना सांगण्यासारखं नव्हतं.  आतून भागीरथाबाईंनी जेवायला हाक दिली, दुसऱ्यांदा दिली, तरी मनोहरराव उठले नाहीत.